डीपीपासून चंद्रपूरपर्यंत: गावच्या विजेचा नकाशा मुलांकडून कसा करून घ्यावा

शाळेच्या भिंतीवर 'वीज वाचवा' रंगवलेलं असतं आणि भिंतीपलीकडच्या शिवारात रात्रीची लाइन आहे म्हणून लोक बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेले असतात. विदर्भातल्या खेड्यात मुलांना ऊर्जा शिकवायची तर सुरुवात या विसंगतीपासूनच करावी लागते. कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा, पारस, नांदगावपेठ, चंद्रपूर अशी कोळशावर चालणारी मोठमोठी केंद्रं आपल्याच विभागात आहेत. दहावीच्या विज्ञानात 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा पाठही आहे. पण आपल्या घरातला दिवा कोणत्या डीपीवर, म्हणजे वस्तीला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, चालतो, हे वर्गात विचारून बघा. फार थोडे हात वर येतील.

मला वाटतं, मुलांना आधी घोषवाक्य न देता तार दाखवावी. बटणापासून निघायचं, खांब मोजत डीपीपर्यंत जायचं, तिथून सबस्टेशन, तिथून टॉवरलाइन आणि शेवटी कोळशाची खाण. हा सगळा रस्ता नकाशावर उतरवता येतो, तोही एका साध्या मोबाइलवर. सातवी ते नववीच्या मुलांसाठी हा उपक्रम चांगला बसतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करा. रब्बीचं ओलित चालू असतं, मोटरी सुरू असतात, ऊन सुसह्य असतं आणि पांदण रस्त्यांवर चिखल नसतो.

पहिलं काम: घरचं बिल

नकाशाला हात लावण्याआधी मुलांना युनिट म्हणजे काय ते अंगवळणी पडू द्या. प्रत्येकाला घरचं वीजबिल आणायला सांगा. नाव आणि ग्राहक क्रमांकाचा भाग दुमडूनच आणायचा. बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, त्यातला फरक म्हणजे युनिट, शिवाय स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशी मांडणी असते. वापर वाढला की दराचा टप्पाही बदलतो, हे मुलं स्वतः शोधून काढतात. तो आनंद त्यांच्याकडून हिरावून घेऊ नका.

मग उपकरणांची यादी. वॅट गुणिले तास, भागिले हजार, एवढंच गणित. साधा पंखा ७५ वॅटचा, नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास, एलईडी बल्ब ९ वॅटचा. आपल्याकडे खरा मानकरी कूलर. १८० वॅटचा कूलर रात्रीचे दहा तास चालला की १.८ युनिट झाले. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. आता शेतातली मोटर घ्या. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ५ एचपीची मोटर ३.७३ किलोवॅटची झाली आणि आठ तासांत जवळजवळ ३० युनिट. मोटरच्या आत काही वीज उष्णतेत जाते, त्यामुळे प्रत्यक्ष वापर याहूनही जास्त. मुलांना हा आकडा घरच्या महिन्याच्या बिलाशेजारी ठेवू द्या.

आधी प्रश्न, मग अ‍ॅप

शाळांमधले बरेच नकाशा-उपक्रम एकाच जागी फसतात. अ‍ॅप उघडलं जातं, मुलं रंगीत खुणा टाकतात, फोटो काढून ग्रुपवर जातो आणि विषय संपतो. त्या खुणांना विचारायचं काय, हे कोणी ठरवलेलंच नसतं. म्हणून एका वर्षी एकच प्रश्न घ्या, आणि तोही गावातल्या माणसांच्या तोंडी असलेला. शेवटच्या खांबावरच्या मोटरला व्होल्टेज का मिळत नाही? एका डीपीचा फ्यूज वारंवार का उडतो? शाळेच्या छपरावर किती वीज बनेल? पुढे मी मुख्यतः पहिल्या दोन प्रश्नांचं उदाहरण धरून लिहितो, कारण शेतकरी घरातल्या मुलाला त्याचं महत्त्व समजवावं लागत नाही.

साधनं कोणती

शिवारात नेटवर्क नसतं हे गृहीत धरून चला. मोबाइलचा जीपीएस नेटवर्कशिवायही चालतो, फक्त पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ लागतो आणि मोकळ्या आभाळाखाली थांबावं लागतं. 'ऑरगॅनिक मॅप्स' हे मोफत अ‍ॅप घ्या, शाळेतल्या वायफायवर किंवा घरून महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवा. मग शिवारात उभं राहून स्क्रीनवर बोट ठेवलं की जागेची खूण जपता येते. खुणेला नाव, रंग, टिपण देता येतं आणि नंतर सगळ्या खुणांची एक फाइल बाहेर काढता येते. या अ‍ॅपखालचा नकाशा 'ओपनस्ट्रीटमॅप'चा आहे, म्हणजे जगभरच्या लोकांनी २००४ पासून मिळून बनवलेला.

सगळं एकत्र मांडायला 'गुगल माय मॅप्स' किंवा 'यूमॅप'. माय मॅप्समध्ये एका नकाशावर दहा थर (लेयर) करता येतात, तेवढे शाळेला पुरतात. पण त्याचं अँड्रॉइड अ‍ॅप आता नाही, संगणकाच्या ब्राउझरवर काम करावं लागतं. यूमॅप ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं. कोणतंही निवडा, खातं मात्र शिक्षकांचं असावं, मुलांचं नको. नकाशा कोणाला दिसेल ती सेटिंग पहिल्याच दिवशी पाहून घ्या. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं संगणकावरचं सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण शाळेसाठी ते जड पडतं. मी तरी त्याच्या वाटेला जायला सांगणार नाही.

कागदावर एक तास

मुलांना चारच्या गटात बसवा आणि कोऱ्या कागदावर आठवणीतून गाव काढायला लावा: रस्ता, नाला, शाळा, देऊळ, विहिरी आणि माहीत असतील तेवढे खांब-डीपी. कागद जपून ठेवा. यातून कोणत्या वस्तीतली मुलं वर्गात आहेत आणि शिवाराचा कोणता भाग कोणालाच माहीत नाही, ते तुम्हाला कळतं. फेऱ्यांची आखणी त्यावरून करा.

शिवारफेरी

नियम आधी, आणि ते फळ्यावर लिहून. डीपीच्या जवळ कोणी जायचं नाही. खूण रस्त्यावरूनच टाकायची. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाइनखाली काठी, ऊस, छत्री उंच धरायची नाही. लोंबती तार दिसली तर लांबूनच परत फिरायचं आणि शिक्षकांना सांगायचं. ताणतार, म्हणजे खांबाला तिरपी बांधलेली तार, तिला हात लावायचा नाही. तिच्यातही वीज उतरू शकते. सबस्टेशनच्या कुंपणाच्या आतले फोटो काढायचे नाहीत. पालकांची लेखी संमती घ्या, ग्रामपंचायतीला कळवा, आणि जमलं तर गावच्या वायरमनला एका फेरीला सोबत बोलवा. पुस्तकात न सापडणाऱ्या निम्म्या गोष्टी त्याच्याकडे असतात.

प्रत्येक गटात एक मोबाइल, एक वही. मोबाइल धरणारा आणि लिहिणारा दर थोड्या वेळाने बदला, नाहीतर एकाच मुलाच्या हातात मोबाइल राहतो आणि मुली बहुतेक वेळा वहीपाशीच अडकतात. वहीत रकाने थोडे ठेवा: खुणेचा क्रमांक, काय आहे, कोणत्या डीपीवरून आलं, टिपण. डीपीसाठी आणखी एक रकाना, तो किती केव्हीएचा, म्हणजे एका वेळी किती भार पेलतो. गावाकडे २५, ६३, १०० केव्हीएचे डीपी सर्रास असतात. आकडा पाटीवर असतो, पण लांबून वाचता येत नाही, वायरमनला विचारा.

मोटरीची खूण टाकताना शेतकऱ्याला दोन प्रश्न विचारायचे: मोटर किती एचपीची, आणि विहिरीत किंवा बोअरमध्ये पाणी किती खोल. तिसरा प्रश्न स्टार्टरच्या पेटीबद्दल. बहुतेक पेट्यांवर व्होल्टमीटर असतो. मोटर चालू असताना काटा कुठे असतो, तो शेतकऱ्याने बघून सांगायचा. मुलांनी पेटीला हात लावायचा नाही, पेटीत डोकावायचंही नाही.

आणि एक पथ्य, यावर तडजोड नको. खुणेला माणसाचं नाव द्यायचं नाही. कोणाचं कनेक्शन रीतसर, कोणी आकडा टाकला, कोणाची थकबाकी, यातलं काहीही वहीत येता कामा नये. 'मोटर, ५ एचपी, डीपी क्रमांक ३' एवढंच. गावाला एकदा शंका आली की पोरं चौकशीला फिरतात, तर उपक्रम तिथेच बसला. शिवाय मुलांनी शेजाऱ्यावर पाळत ठेवावी हे शिकवायला आपण शाळा काढलेली नाही.

नकाशावर चढवणं

शाळेत आल्यावर प्रत्येक गटाच्या खुणांची फाइल माय मॅप्स किंवा यूमॅपमध्ये घ्या. डीपींचा एक थर, मोटरींचा दुसरा, घरवस्तीच्या लाइनचा तिसरा. जीपीएस पाच-दहा मीटर चुकतो, म्हणून उपग्रहचित्र मागे ठेवून खुणा सरकवून नीट करा. विहिरीचा गोल वरून बऱ्याचदा दिसतोच. मग वहीतले आकडे खुणेच्या तक्त्यात भरा आणि डीपीनुसार रंग द्या. मोठ्या पडद्याची गरज नाही. टीव्ही असला तर टीव्ही, नसला तर संगणकाभोवती गटागटाने.

ओपनस्ट्रीटमॅपवर खांब आणि डीपी कायमचे नोंदवावेत का? नोंदवा, पण शिक्षकांच्या खात्यातून, आणि रस्त्यावरून कोणालाही दिसतं तेवढंच. गुगलच्या नकाशावरून पाहून तिथे काही उतरवायचं नाही. परवान्यात ते बसत नाही. मुलांना माहितीची मालकी समजावायला हा चांगला प्रसंग आहे.

आता नकाशा वाचायचा

खरा तास इथे आहे. त्याला घाई करू नका. एकेक डीपी घेऊन बसा.

समजा, ६३ केव्हीएच्या एका डीपीवर मुलांनी १८ मोटरी मोजल्या, सगळ्या ५ एचपीच्या. चालू मोटर स्वतःतल्या नुकसानीसह साधारण साडेपाच ते सहा केव्हीए ओढते. म्हणजे हा डीपी एका वेळी दहा-अकरा मोटरींचा. लाइन आली की सगळे एकदमच स्टार्टर दाबतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट घेते. फ्यूज का उडतो हे आता मुलंच सांगतील. उपायही तेच सुचवतील: पाळी लावा, कपॅसिटर बसवा, डीपी मोठा मागा. यातलं कोणतं आपल्या हातात आहे आणि कोणतं महावितरणच्या, हा वाद वर्गात होऊ द्या.

मग अंतर. माय मॅप्समध्ये मोजपट्टी आहे. डीपीपासून खांबाखांबाने मोटरपर्यंत रेघ मोजायची. सरळ रेघ मारायची नाही, तार जाते तशी. अंतर एका रकान्यात, शेतकऱ्याने सांगितलेलं व्होल्टेज दुसऱ्यात, आणि आलेखकागदावर ठिपके. थ्री फेजचा काटा ४१५च्या आसपास असायला हवा. लांबच्या टोकाला तो खाली आलेला दिसतो, कारण तारेलाही रोध असतो आणि वाटेतल्या प्रत्येक मोटरचा करंट त्याच तारेतून जातो. ओहमचा नियम पाठ असलेल्या मुलाला तो पहिल्यांदा स्वतःच्या शेतात सापडतो. एखादा ठिपका ओळीत बसणार नाही. तो खोडू नका. मुलांना परत पाठवा. कधी सांधा सैल निघतो, कधी रीडिंग घेतलं तेव्हा शेजारच्या मोटरी बंदच होत्या असं कळतं.

वरुड, मोर्शी, काटोल या संत्रापट्ट्यातल्या शाळांनी पाण्याच्या खोलीचा थर जरूर करावा. हजार लिटर पाणी १०० मीटरवरून उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ०.२७ युनिट लागतं. पंप, मोटर आणि पाइपातलं नुकसान धरून ४० टक्के कार्यक्षमता मानली तर जवळजवळ पाऊण युनिट. तेच पाणी १५ मीटरच्या विहिरीतून काढायला ०.१ युनिट पुरतं. भूजल खाली गेलं की वीज किती वाढते, ते या नकाशावर रंगात दिसतं: उथळ विहिरी फिक्या, खोल बोअर गडद. बोअर आणखी खोल करायचं की बांध घालून पाणी जिरवायचं, हा मग नुसता पाण्याचा प्रश्न राहत नाही.

तार धरून मागे

डीपीच्या वर ११ केव्हीची लाइन, ती ३३/११ केव्हीच्या सबस्टेशनमधून येते. इथपर्यंत मुलं सायकलने जाऊन पाहू शकतात, कुंपणाबाहेरून. पुढच्या लाइनी ओळखण्याची एक युक्ती मुलांना फार आवडते: टॉवरवरच्या चिनीमातीच्या किंवा काचेच्या चकत्या मोजायच्या. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा झूम पुरतो. साधारण नऊ-दहा चकत्या असल्या तर १३२ केव्ही, चौदाच्या आसपास २२०, बाविसेक असल्या तर ४००. टॉवरवरच्या धोक्याच्या पाटीवर केव्हीचा आकडा असतोच, पण आधी मोजून मग पाटी वाचायची. एवढं व्होल्टेज कशाला? तेवढीच वीज दहापट व्होल्टेजने पाठवली तर करंट एक दशांश होतो आणि तारेतलं नुकसान शंभर पटीने घटतं, कारण ते करंटच्या वर्गावर चालतं.

आता 'ओपन इन्फ्रास्ट्रक्चर मॅप' उघडा. ओपनस्ट्रीटमॅपमधला विजेचा भाग तो वेगळा काढून दाखवतो, व्होल्टेजनुसार रंगात. गावावर नेऊन हळूहळू दूर व्हा. बहुतेक गावांच्या शिवारात तिथे काहीच नसेल, आणि ती रिकामी जागा मुलांनी केलेल्या कामाची किंमत सांगते. मोठ्या लाइनी मात्र चंद्रपूरकडे, कोराडीकडे गोळा होताना दिसतील. चंद्रपूरहून निघणारी एक लाइन मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत शोधायला लावा. ही ५०० केव्हीची एकदिश करंटची (डीसी) लाइन आहे, सुमारे ७५० किलोमीटर लांब, क्षमता १,५०० मेगावॅट. तिच्या टॉवरवर तीनऐवजी दोनच बाजूंना तारांचे जुडगे असतात. 'इथली वीज तिकडे जाते मग आपल्याले रात्रीचीच लाइन काऊन?' हा प्रश्न येणारच. तो दडपू नका, पण सोपं उत्तरही देऊ नका. वीज एका मोठ्या जाळ्यात पडते आणि मागणीनुसार वाटली जाते, शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनमधून शेतीसाठी निघणाऱ्या लाइनला, तासांची पाळी असते, दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना आणली गेली, हे सगळं त्या उत्तराचा भाग आहे. धूळ-राख इथे आणि उजेड दुसरीकडे, हा मुलांचा आक्षेपही त्यात आहे आणि तो खोटा नाही.

फळ्याच्या कोपऱ्यातला कूलरचा आकडा आता काढा. एका युनिटमागे आपल्याकडच्या केंद्रांत साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. १.८ युनिट म्हणजे रात्रीच्या एका कूलरला किलोभराहून जास्त कोळसा, आणि त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त राख. चंद्रपूरच्या ५०० मेगावॅटच्या एका संचाने पूर्ण क्षमतेने तासभर काम केलं तर पाच लाख युनिट. कोळसा किती, ते मुलांनी काढायचं. तीनशे टनांच्या वर उत्तर येईल. मग गुगल अर्थमधलं टाइमलॅप्स लावा. १९८४ पासूनची उपग्रहचित्रं त्यात एकामागून एक सरकतात. घुग्गुस, सास्ती, उमरेड, वणी इथल्या उघड्या खाणी कशा पसरल्या आणि केंद्रांजवळचे करडे राखतलाव कसे वाढले, ते आवाज न करता बघू द्या. वर्गात वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसाखाणीत) किंवा वीजकेंद्रात कामाला असलेल्या घरातलं मूल असेल तर त्याला पहिल्यांदा बोलायला सांगा. खाण म्हणजे त्याच्या घरची भाकर आहे, हेही नकाशात यायला हवं.

छपरावरचं ऊन

हा भाग लवकर होतो. गुगल अर्थच्या मोजपट्टीने शाळेचं छप्पर मोजा. एक किलोवॅटच्या पॅनेलला साधारण १० चौरस मीटर जागा लागते. १२० चौरस मीटरचं छप्पर, झाडाची सावली आणि पाण्याची टाकी वगळून निम्मं धरलं तर सहा किलोवॅट. 'ग्लोबल सोलर अ‍ॅटलस'वर गावावर बोट ठेवलं की एका किलोवॅटमागची वार्षिक वीज मिळते. आपल्याकडे रोजची सरासरी चार युनिटांच्या आसपास निघते. म्हणजे दिवसाला चोवीस युनिट. शाळेच्या बिलाशी ताडून बघा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला का आणि कल २०-२१ अंशांचा का, ते अक्षांशावरून मुलं सांगतील. घरच्या छपरासाठी पालक विचारतील: २०२४च्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि वर ७८ हजार रुपये अनुदान ठरलं होतं, चालू नियम अर्जाआधी पोर्टलवर पाहायला सांगा.

चूल विसरू नका

विजेच्या नादात गावातली मोठी ऊर्जा नजरेतून सुटते: पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या), तुराट्या, गोवऱ्या, लाकूड. एका दिवसाचं सरपण घरी तराजूने तोलायचं आणि आई-आजीला विचारायचं, कुठून येतं, किती वेळ जातो. एका किलो कोरड्या लाकडात साधारण चार युनिटांएवढी उष्णता असते, पण साध्या चुलीत त्यातली दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते. गॅसच्या किलोत जवळजवळ तेरा युनिट आणि शेगडीत साठेक टक्के कामी. १४.२ किलोच्या सिलिंडरचं काम करायला साध्या चुलीत दोनशे किलोंच्या आसपास लाकूड लागतं. सरपणाच्या जागा नकाशावर टाकताना नेमक्या खुणा नकोत. गावापासून एक, दोन, तीन किलोमीटरची वर्तुळं काढा आणि किती घरं कोणत्या वर्तुळात जातात तेवढंच लिहा. ताडोबा, मेळघाट किंवा गडचिरोलीच्या जंगलालगत तर हे काम विचारूनच करायचं, मुलांना तिकडे न्यायचं नाही. वाघाची भीती आहेच, शिवाय नेमकी जागा दाखवून कोणत्या बाईला अडचणीत आणायचं नाही.

कोणाला दाखवायचं

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत दाखवा. स्क्रीनऐवजी मोठा छापील नकाशा न्या; म्हातारी माणसं बोट ठेवून आपलं शेत शोधतात आणि चुकाही तीच काढतात. त्या पेनाने नकाशावरच नोंदवा. महावितरणकडे अर्ज द्यायचा असेल तर तो ग्रामपंचायतीने द्यावा, मुलांच्या नावाने नको. सोबत डीपीची क्षमता, त्यावरच्या मोटरींची संख्या आणि टोकाचं अंतर एवढा एकच तक्ता जोडावा. लोंबत्या तारा आणि वाकलेल्या खांबांची यादी मात्र ग्रामसभेपर्यंत थांबवू नका, सापडल्या दिवशीच वायरमनला द्या.

शेवटी खुणांची फाइल शाळेच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा, फाइलच्या नावात वर्ष घाला. शिक्षकांची बदली होते, खातं त्यांच्यासोबत जातं आणि नकाशाही. पुढच्या वर्षीच्या सातवीला हीच फाइल उघडून द्या आणि नवे डीपी, नवे सौरपंप, बंद पडलेले बोअर तेवढेच शोधायला पाठवा.